लिफाफा

प्रिय सुध्या,

काल रात्री ‘द कलर ऑफ मनी’ पुन्हा पाहिला आणि झोपच लागेना, म्हणून लिहायला बसलो. मार्टिन स्कॉर्सेसीचा, १९८६ चा. पॉल न्यूमननं १९६१ मध्ये ‘द हसलर’मध्ये रंगवलेला एडी, पैसे लावून पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारा, यात पंचवीस वर्षांनी परत येतो. ऑस्कर त्याला याच कामासाठी मिळालं. एडी आता दारू विकतो. त्याला व्हिन्सेंट सापडतो, म्हणजे टॉम क्रूझ. पोराचा हात विलक्षण, पण जिंकल्याशिवाय त्याला राहवत नाही.

एडी त्याला अड्ड्या-अड्ड्यांवर फिरवतो आणि शिकवतो काय, तर हरायला! नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात नऊ नंबरचा चेंडू भोकात पाडणारा जिंकतो. तो जरासा चुकवायचा, की समोरच्याला चेव येतो आणि तोच पैसे वाढवतो. व्हिन्सेंटला ते पटत नाही. एडीनं दिलेली भारी क्यू (खेळायची काठी) गरागरा फिरवत, नाचत, तो अड्ड्यावरच्या सगळ्यात तरबेज खेळाडूला हरवतो. मोठं गिऱ्हाईक तिथूनच सटकतं.

पण मला जागं ठेवलं ते पुढच्या प्रसंगानं. अटलांटिक सिटीच्या स्पर्धेत एडी चेल्याला हरवतो. चष्मा लावून, पुन्हा सराव करून मिळवलेला विजय. किती खुलतो रे तो! मग व्हिन्सेंट खोलीवर येऊन लिफाफा देतो. आत ८,००० डॉलर. तो मुद्दाम हरला होता, आणि हा गुरूचा वाटा. न्यूमन ओरडत नाही, काही नाही. नुसता चेहरा विझतो.

सुध्या, तुला कधी सांगितलं नाही. मंडळाच्या खोलीत काकांशी माझा तो शेवटचा डाव आठवतो? त्यांचा हात थरथरायला लागला होता. क्वीन होलच्या तोंडाशी होती आणि मी स्ट्रायकर मुद्दाम वाकडा मारला. वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. काकांनी क्वीन घेतली, डाव संपवला, तळव्यानं बोर्डावरची पावडर पुसली आणि उठले. त्यानंतर माझ्यासमोर कधी बसलेच नाहीत. पोटापाण्यामुळे माझं येणं कमी झालं म्हणून असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

एडी पैसे परत करतो आणि व्हिन्सेंटला पुन्हा खेळायला लावतो, खराखुरा डाव.

काका अजून संध्याकाळी खोलीवर येतात ना? दिवाळीत मी चार दिवस आहे. बोर्ड पुसून ठेव, आणि त्यांना सांग, या वेळी क्वीन सोडणार नाही.

तुझा,
विन्या