रिसर्चच्या जागा कळणार तरी कशा?

संपादक महोदय,
माझ्या मुलीची केमिस्ट्रीत पीएचडी झाली, आता पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) नाहीतर प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएटची जागा बघतेय, पण जाहिरात विद्यापीठाच्या साइटवर कुठल्यातरी कोपऱ्यात पीडीएफमध्ये असते, मुदत जेमतेम आठ-दहा दिवस, आणि वॉक-इनला, म्हणजे थेट इंटरव्ह्यूला, स्वखर्चाने जायचं. मागच्या महिन्यात ती रात्रभर एसटीने प्रवास करून पोचली तर इंटरव्ह्यू पुढे ढकललेला, साधा ईमेलसुद्धा नाही! फार वाईट वाटलं. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून असोसिएटचं सुरुवातीचं मानधन महिना ४७ हजारांवरून ५८ हजार केलं ते चांगलंच झालं, पण जागाच कळली नाही तर काय उपयोग? राज्यातल्या विद्यापीठांनी प्रोजेक्टच्या सगळ्या जागा एकाच पोर्टलवर टाकाव्यात आणि पहिला इंटरव्ह्यू तरी ऑनलाइन घ्यावा.

- एक पालक, सांगली