सूचना : १४ मार्चला येताना एक पुस्तक आणा

सर्व सभासदांना नमस्कार.

१४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन. युनेस्कोने २०१९ मध्ये तो जाहीर केला. तारीख पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, सुमारे ३.१४) या संख्येवरून घेतली आहे : महिना आधी लिहिला की ३/१४. (दिवस आधी लिहिणाऱ्यांनी २२ जुलै धरावा. २२/७ ही किंमत ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ जाते, हे ऐकून मंडळी अजूनही चमकतात!)

यंदा भाषण नाही. प्रत्येकाने मागे बारकोड असलेलं एक पुस्तक आणायचं. बारकोडजवळ १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो. पहिला अंक तसाच, दुसरा तीनपट, तिसरा तसाच, चौथा तीनपट, असं शेवटपर्यंत करून बेरीज घ्या. तिला १० ने नि:शेष भाग जातो. शेवटचा अंक मुद्दाम तसा निवडलेला असतो. लिहिताना एखादा अंक चुकला तर बेरीज बिघडते आणि चूक लगेच पकडली जाते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा सापडतात. त्यांच्यात ५ चा फरक असेल तर मात्र निसटतात. का, ते त्या दिवशी फळ्यावर पाहू. बँक कार्डाच्या क्रमांकातही असाच तपासणी अंक असतो, पण कार्डं कृपया बाहेर काढू नयेत.

वेळ उरला तर मोबाइलला आपली जागा ठरवायला किमान चार उपग्रह का लागतात, तेही बघू. तीन दिशांसाठी तीन आणि घड्याळातल्या फरकासाठी चौथा, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

कागद-पेन्सिल आणावी. कॅल्क्युलेटर नको.