पिस्तूल अडकलं की आधी मॅगझिन बघा

संपादक महोदय,

नेमबाजीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख आवडला, पण सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सारखं जॅम होत असेल तर पिस्तूलच बदला असं जे एका वाक्यात उरकून टाकलंय ते काही पटलं नाही. रेंजवरही हेच ऐकू येतं आणि मग कुणीतरी कानस नाहीतर पॉलिश पेपर घेऊन बसतो, चांगल्या पिस्तुलाची वाट लागते ती तिथेच.

बऱ्याच वेळा दोष असतो मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत. ते खाली पडून पडून गोळीला धरून ठेवणारे वरचे ओठ जरासे वाकतात, गोळी तिरकी वर येते आणि चेंबरच्या (नळीच्या मागचा, काडतूस बसतं तो खण) तोंडाशी अडकते. मॅगझिनांवर मार्करने नंबर टाका, जॅम नेहमी एकाच नंबरावर होत असेल तर ते मॅगझिन बाजूला ठेवा, विषय संपला. नाहीतर काडतुसांचा ब्रँड बदलून बघा, पॉइंट टू टू (.२२ बोअरच्या) पिस्तुलांचे तर याबाबतीत फारच नखरे असतात. पण एका वेळी एकच गोष्ट बदला हो, सगळं एकदम बदललं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार कसं?

उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) धुराड्यासारखी उभी अडकली तर आधी मनगट बघा. पकड ढिली असली की स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइड पूर्ण मागे पोचत नाही आणि पुंगळी नीट बाहेर फेकली जात नाही. तेच पिस्तूल घट्ट पकडीच्या माणसाने चालवल्यावर नीट चाललं तर काय समजायचं ते समजा (हे सांगितलं की लोकांना राग येतो). पुंगळी चेंबरमधून निघतच नसेल तर मात्र एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणारा आकडा) नखाखाली साचलेली काजळी काढा, तरी जमलं नाही तर आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

चाप ओढला आणि नुसतं टक झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, काडतूस उशिरा उडू शकतं. मग ते काढून त्याच्या बुडावर फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणारी सुई) ठसा बघा. ठसा खोल असेल तर बहुतेक काडतूसच खराब, उथळ असेल तर पिनच्या वाटेत घाण किंवा जुनं घट्ट झालेलं तेल असणार, नाहीतर स्प्रिंग थकलीय. जास्त तेल ओतणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि आवाज नुसता फुस्स आला तर पुढची गोळी अजिबात मारू नका, आधीची नळीतच अडकलेली असू शकते आणि मग नळी फाटते. लेखात याचा उल्लेखच नाही, पुढच्या अंकात तेवढं तरी छापा. आणि हो, लेखातल्या फोटोत त्या खेळाडूने पिस्तूल खाली धरलंय तरी बोट चापावरच आहे, तो फोटोही बदला.

आपला,
एक नेमबाज वाचक