ग्वाल्हेरच्या सहलीत गुजरी महाल हवाच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सहलींच्या जाहिरातींत ग्वाल्हेरचा दिवस ठरलेला असतो : मानमंदिर महाल, सासबहू मंदिर, जयविलास पॅलेस. गुजरी महाल त्यात सहसा नसतो, आणि अडचण आहे ती निव्वळ रस्त्याची. गाड्या पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने किल्ल्यावर चढतात आणि तिथूनच उतरतात. राजा मानसिंह तोमरने राणी मृगनयनीसाठी बांधलेला हा महाल मात्र ईशान्येला, पायथ्याशी आहे.

यावर सोपा उपाय आहे. मानमंदिर पाहून हत्तीपोळ या दरवाजातून पायी उतरावे आणि रिकामी गाडी पायथ्याच्या किलागेटला बोलवावी. या वाटेवर वाहने नसतात. उतार तीव्र आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीनेच वळसा घालून यावे. वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत.

महालातले पुरातत्त्व संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते उभारले ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाशी उभ्या स्त्रीची मूर्ती, इथेच आहे. ती बंदोबस्तात असते, दिसली नाही तर कर्मचाऱ्यांना विचारावे. पण मराठी माणसाने खरे थांबावे ते पवाया या गावच्या शिल्पांपाशी. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूती या संस्कृत नाटककाराने 'मालतीमाधव' नाटकाचे कथानक घडवले ते पद्मावती नगरीत. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने ही नगरी म्हणजे नरवर असे मानले होते. गर्द्यांनी नाटकातल्या नद्या जमिनीवर ताडून पाहिल्या : सिंधू म्हणजे सिंध, पारा म्हणजे पार्वती. संगम जुळला तो पवायाशी.

तिथल्या गुप्तकालीन तोरणाच्या पट्टीवर मधोमध नर्तकी आहे आणि तिच्याभोवती वादक म्हणून सगळ्या बायकाच बसल्या आहेत. कुणापुढे मृदंग आहे, कुणाच्या हातात धनुष्यासारखी वाकलेली वीणा. घाईत पाहिले तर नुसती गर्दी दिसते. एकेक हात आणि एकेक वाद्य असे पाहत जावे. मणिभद्र यक्षाची मूर्तीही पवायाचीच. तिचे डोके गेले आहे, पण बैठकीवरच्या ब्राह्मी लेखात राजा शिवनंदीचे चौथे वर्ष नोंदलेले आहे. अक्षरे पुसट आहेत. समोरून प्रकाश टाकला की ती सपाट होऊन दिसेनाशी होतात. परवानगी घेऊन मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून आडवा धरावा. मग खाचांत सावली पडते आणि ओळी उठून दिसतात. फ्लॅशने काढलेल्या फोटोत लेख उमटत नाही तोही याच कारणाने.

संग्रहालय राज्य सरकारचे असल्याने तिकीट मानमंदिराहून वेगळे काढावे लागते. सोमवारी ते बंद असते, आणि सहली नेमक्या सोमवारीच ग्वाल्हेरला पोचवल्या जातात तेव्हा फार वाईट वाटते. सहल आखणाऱ्यांनी हा वार टाळून इथे दोन तास राखावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर