जिथून पूर्वी रेल्वे जायची, त्या वाटेविषयी

ल्योन, फ्रान्स

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"सत्तरीतल्या माणसाने परक्या मुलखात सायकल चालवायची म्हणजे जरा अतीच नाही का?" इथे येऊन माझ्याबरोबर सायकलसहल करा असे मी सुचवल्यावर बाबांनी विचारलेला हा प्रश्न फोनवर उत्तर देण्यासारखा नव्हता, आणि आईने तर तो विषय तिथेच थांबवून व्हिसाच्या कागदपत्रांची चौकशी सुरू केली. म्हणून हे पत्र लिहीत आहे. शांतपणे वाचा आणि मगच काय ते ठरवा.

बाबा, तुम्ही सायकल सोडलीत ती वयामुळे किंवा दम लागतो म्हणून नव्हे, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. सदाशिव पेठेतून खडकीपर्यंत नोकरीची सगळी वर्षे तुम्ही सायकलनेच गेलात, आणि निवृत्तीनंतरही भाजी आणायला तुम्हाला तीच लागत असे. पुढे संचेती चौकातून जाताना मागून काय अंगावर येईल याची धास्ती तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त वाटू लागली, आणि आमच्या आग्रहाखातर ती सायकल जिन्याखाली गेली. पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, हे इथल्या मित्रांना सांगताना मला अजूनही थोडे अवघडल्यासारखे होते. तेव्हा तुमच्यासाठी प्रश्न सायकल चालवता येईल की नाही हा नसून, मागे वळून न पाहता ती कुठे चालवता येईल हा आहे. त्याचे उत्तर माझ्या घरापासून रेल्वेने फार दूर नाही.

फ्रान्समध्ये 'व्वा व्हेर्त' नावाच्या वाटा आहेत. तिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि काही ठिकाणी घोडेस्वार एवढ्यांनाच मुभा असते. मोटारींना आणि मोटारसायकलींना कायद्यानेच मज्जाव आहे. देशाच्या वाहतूक नियमांत अशा वाटेची व्याख्या २००४ साली आली, परंतु बरगंडीच्या दक्षिण भागात जिव्री ते क्लूनी ही ४४ किलोमीटरची वाट त्याआधीच, १९९७ साली, खुली झाली होती, आणि या प्रकारची देशातली पहिली वाट म्हणून तिचेच नाव घेतात. मी तुम्हाला तिथेच नेणार आहे.

ही वाट म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची जागा आहे. आई, तू लहानपणी आजोळी जाताना बार्शी लाइटच्या गाडीत बसायचीस, त्या मार्गाचे नॅरोगेज रूळ काढून तिथे ब्रॉडगेज आली. इथल्या खेड्यापाड्यांतल्या अनेक मार्गांचे नशीब तेवढे चांगले नव्हते. विसाव्या शतकात मोटारी आणि बसगाड्या वाढल्या, छोट्या मार्गांवरचे प्रवासी कमी होत गेले, गाड्या बंद झाल्या आणि शेवटी रूळही उखडले गेले. मागे राहिली ती सलग, अरुंद आणि सरकारी मालकीची पट्टी. तिच्यावरचे पूल, मोऱ्या आणि भराव आधीच बांधलेले होते, त्यामुळे वर डांबराचा गुळगुळीत थर दिला की वाट तयार झाली. ज्या मोटारींनी या गाडीचे प्रवासी पळवले, त्यांनाच आता इथे प्रवेश नाही, याचा मला जरुरीपेक्षा जास्त आनंद होतो हे मान्य करते.

रेल्वेची जागा असल्याचा आपल्याला होणारा खरा फायदा मात्र चढाचा आहे. वाफेच्या इंजिनाला डबे ओढत तीव्र चढ चढता येत नसे, म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी टेकडी आली की ती खोदली आणि खोलगट जागा आली की तिथे भराव घातला. परिणामी आजूबाजूला डोंगर दिसत असतानाही पायाखालची वाट जवळजवळ सपाट राहते, आणि वळणेसुद्धा गाडीच्या लांबीला मानवतील अशी ऐसपैस आहेत. आईच्या गुडघ्यांसाठी मी पेडलला विजेची मदत देणारी सायकल भाड्याने घेणार आहे. युरोपातल्या नियमांप्रमाणे तिची मोटर २५० वॅटपेक्षा मोठी नसते, आपण पेडल मारले तरच ती चालते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर मदत करणे थांबवते, त्यामुळे ती मोपेडसारखी हातातून सुटून पळेल ही भीती बाळगू नये. शिवाय कॉलेजात असताना तू लेडीज सायकलवरून टिळक रस्त्याने जायचीस, हे बाबांनीच मला सांगितलेले आहे.

जिव्रीपासून निघाल्यावर पहिला टप्पा द्राक्षमळ्यांचा आहे. ब्युक्सी या गावी द्राक्षबागायतदारांची सहकारी मद्यनिर्मिती संस्था आहे, ती पाहून बाबांना आपल्याकडचे सहकारी साखर कारखाने आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि मग तिथल्या माणसाला ते भागभांडवलाविषयी प्रश्न विचारतील, ज्यांचा अनुवाद मला करावा लागेल. त्यानंतर मळे विरळ होऊन कुरणे सुरू होतात. या कुरणांत चरणाऱ्या पांढऱ्याशुभ्र, भरभक्कम गाई शारोले जातीच्या असतात. त्या दुधासाठी नव्हे तर मांसासाठी पाळतात, हे आईला आधीच सांगून ठेवलेले बरे. पुढे सें-जांगू हे जुन्या दगडी गल्ल्यांचे गाव, मग सतराव्या शतकातला कोर्मातॅंचा वाडा, आणि तिथून जवळच टेकडीवर तेझे. १९४० साली ब्रदर रोजे या गावात येऊन राहिले आणि पुढे तिथे विविध ख्रिस्ती पंथांच्या बंधूंचा मठ उभा राहिला. उन्हाळ्यात अनेक देशांतली तरुण मुले तिथे तंबूंत राहून प्रार्थनेला बसतात.

क्लूनीसाठी मी पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. ९१० साली स्थापन झालेल्या इथल्या मठाने १०८८ साली जे चर्च बांधायला घेतले, ते रोमचे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाची मालमत्ता विकली गेली आणि पुढची कित्येक वर्षे लोकांनी त्या इमारतीचा दगडांच्या खाणीसारखा उपयोग केला. नेपोलियनच्या काळात तिच्याच दगडांतून घोड्यांची सरकारी पागा बांधली गेली. आज चर्चचा एक बाजूचा भाग आणि त्यावरचा मनोरा तेवढा शिल्लक आहे. खांबांचे बुंधे पाहत चालू लागले की मूळ लांबीचा अंदाज येतो. गड पाहताना बाबा जोत्यांवरून वाड्याचा नकाशा मनात उभा करतात, त्यामुळे हे ठिकाण त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळेल.

क्लूनीच्या पुढे माकोंच्या दिशेने गेल्यास दीड किलोमीटरहून थोडा लांब असा बुआ-क्लेअरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही गारठा असतो, तेव्हा स्वेटर हाताशी हवा. हिवाळ्यात तिथे वटवाघळे निद्रिस्त असतात आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून बोगदा बंद ठेवून सायकलवाल्यांना टेकडीवरच्या रस्त्याने पाठवतात. आपण सप्टेंबरमध्ये जाणार असल्यामुळे ती अडचण येणार नाही, आणि द्राक्षांची तोडणीही थोडीफार पाहायला मिळेल.

आता गैरसोयींविषयी, कारण त्या लपवल्या तर बाबा पुढच्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. ही वाट ठिकठिकाणी गावरस्त्यांना छेदते आणि तिथे बहुधा आपणच थांबून दोन्हीकडे पाहायचे असते. रविवारी चाकांचे बूट घातलेली मुले आणि अख्खी कुटुंबे वाटेवर उतरतात, म्हणून आपण सोमवारी सुरुवात करू. मात्र सोमवारी खेड्यांतली बरीच दुकाने बंद असतात, आणि इतर दिवशीही दुपारी ती मिटतात, म्हणजे शिदोरी लागेलच. काही पट्टे झाडांच्या सावलीतून इतके सरळ जातात की मला तरी ते कंटाळवाणे वाटतात. आणखी एक, नकाशावर 'वेलोरूट', म्हणजे लांब पल्ल्याचा सायकलमार्ग, असे लिहिलेले दिसले तर तिथे मोटारी अजिबात नसतील असे समजू नये. लुआर नदीकाठचा प्रसिद्ध सायकलमार्ग फार सुंदर असला, तरी त्यातला बराचसा भाग कमी रहदारीच्या का होईना, पण खऱ्या रस्त्यांवरून जातो. म्हणूनच पहिल्या खेपेला मी त्याचा विचार केलेला नाही.

जेवणाची काळजी आईला सर्वांत जास्त असणार. खेड्यातल्या खानावळीत शाकाहारी माणसाला सॅलड आणि ऑम्लेटपलीकडे फारसे काही मिळत नाही, आणि अंडे तुम्हाला चालत नाही. बकरीच्या दुधाचे स्थानिक चीज चविष्ट असते, परंतु ते विरजताना बहुधा वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात, त्यामुळे तेही वगळावे लागेल. ब्रेड, टोमॅटो, फळे आणि क्लूनीचा शनिवारचा बाजार यांच्या भरवशावर मी निभावते. आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर आणली तर मी नको म्हणणार नाही. मुक्कामाला 'अकेय वेलो' ही पाटी असलेली घरे पाहिली आहेत. ती सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागतात आणि सायकली कुलपात ठेवण्याची सोय असणे त्यांना बंधनकारक असते.

एकूण अंतर आपण तीन दिवसांत वाटून घेऊ, म्हणजे दररोज १५ किलोमीटरच्याही आत. सामान माझ्या सायकलवर राहील. एखाद्या दिवशी कोणाला नकोसे वाटले तर त्या दिवशी गावातच थांबता येईल. कोणतेही आरक्षण न बदलता येणारे मी घेतलेले नाही. प्रवासी विम्याची किमान ३०,००० युरोंची अट व्हिसासाठी असतेच, ते काम दादा करतो आहे.

आता तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. भिंतीला टेकून, पादत्राणे काढून उभे राहा आणि जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून दोघांचे आकडे दादाजवळ द्या, कारण सायकलवाल्याने सीटसाठी ते मागितले आहेत. आणि बाबांनी जिन्याखालची सायकल काढून, चाकांत हवा भरून, सकाळी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला सुरुवात करावी. आवाराच्या फाटकाबाहेर मात्र जाऊ नये.

तुमची धाकटी लेक