छापलेली लिंक चार महिन्यांनी का उघडत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली बातमीखाली वेबसाइटचा पत्ता छापून येतो, कधी क्यूआर कोड पण असतो, चांगलंच आहे, पण चार महिन्यांनी तोच पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा समोर 404 येतं, पेज सापडले नाही. दोष तुमचा नाही. मधे केव्हातरी वेबसाइट "नवीन" होते, ठेकेदार बदलतो आणि जुने सगळे पत्ते एका रात्रीत बंद. वेबसाइटवाला त्याच्याकडचं बदलतो, पण पेपरात छापलेलं कोण खोडणार?

मी वेबसाइट बनवायच्याच लाइनमधला, गंगापूर रोडला आमचं छोटं ऑफिस आहे, आणि आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, पार्किंग, मुक्काम, घाटांची माहिती, सगळ्यासाठी वेबसाइटी निघणार, त्यांचे पत्ते पोस्टरवर, रिक्षांच्या मागे, बॅनरवर छापले जाणार, म्हणून आत्ताच लिहितोय.

पत्ते टिकायचे तर मुळात ते नीट मांडले पाहिजेत. वेबसाइट बनवायची तयार साधनं असतात, त्यात रेल्स घ्या, लारावेल घ्या, जँगो घ्या, कुठला पत्ता आला की कुठला कोड चालवायचा हे एका ठिकाणी लिहून ठेवायची सोय असते, त्याला आम्ही राऊट्स म्हणतो. नेहमीचे राऊट रेल्समध्ये रिसोर्सेसची (रिसोर्स म्हणजे ज्याच्या नोंदी ठेवायच्या ती वस्तू, उदा. बुकिंग) एक ओळ लिहिली की आपोआप मिळतात, यादी, एक नोंद, नवीन फॉर्म, सेव्ह, दुरुस्तीचा फॉर्म, अपडेट आणि डिलीट, असे सात प्रकार. लारावेलमध्येही तसंच. घोळ सुरू होतो आठव्यापासून. क्लायंटचा फोन येतो, "अहो एक रद्द करायचं बटण टाका ना", की ऑफिसातलं पोरगं घाईघाईत बुकिंग/45/रद्द (45 हा बुकिंगचा नंबर) असा राऊट टाकतं, तोही साध्या लिंकचा, म्हणजे नुसता पत्ता उघडला की बुकिंग उडालं. हे भयंकर आहे. 2005 साली गुगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर म्हणून एक सॉफ्टवेअर काढलं होतं, ते पेजवरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं म्हणजे पुढचं पेज पटकन दिसावं, आणि ज्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये डिलीट ही साधी लिंक होती तिथे माणसाने हात न लावता डेटा गेला. तरी आज वीस वर्षांनी लोक तेच करतात!

त्यापेक्षा रद्द करणं हीच वेगळी वस्तू मानायची, बुकिंगच्या खाली "रद्दीकरण" असा नवीन रिसोर्स करायचा आणि त्यात नोंद तयार करायची, फॉर्म सबमिट करून. मग रद्द कोणी केलं, कधी केलं, कारण काय, हे सगळं ठेवायला जागा पण मिळते. रेल्स बनवणारे डेव्हिड हान्सन पण हेच सांगत आलेत, कंट्रोलरमध्ये (म्हणजे पत्ता आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) जास्तीच्या अ‍ॅक्शन, म्हणजे जास्तीची कामं, कोंबू नका, नवीन कंट्रोलर काढा. मला हे शंभर टक्के पटतं, आमच्या ऑफिसात यावरून भांडणं होतात तरी.

दुसरी गोष्ट क्रमाची. राऊट वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळेल तो घेतला जातो. समजा कांद्याच्या भावाची वेबसाइट आहे, वर लिहिलंय बाजार/नाव, म्हणजे बाजार/लासलगाव, बाजार/पिंपळगाव वगैरे, आणि खाली नंतर कोणीतरी जोडलं बाजार/तुलना. आता तुलना उघडली की प्रोग्राम "तुलना" नावाची बाजार समिती शोधत बसतो आणि ती तर कुठल्याच तालुक्यात नाही. ठराविक पत्ता वर घ्या, कुठलंही नाव चालणारा मोकळा पत्ता खाली ठेवा, झालं काम. आणि प्रत्येक राऊटला नाव द्या, पेजपेजवर पत्ता हाताने टाइप करू नका, नाहीतर एक शब्द बदलायला पन्नास फायली उघडाव्या लागतात.

आणि समजा पत्ता बदलावाच लागला, तर जुना पत्ता नव्याकडे वळवायची एक ओळ लिहायची, 301 म्हणजे कायमचं वळवलं असं ब्राउझरला आणि गुगललाही कळतं. लारावेलमध्ये मात्र जपून, तिथे साधं रीडायरेक्ट लिहिलं तर 302 जातं, म्हणजे तात्पुरतं, कायमच्यासाठी पर्मनंट रीडायरेक्ट वेगळं लिहावं लागतं.

म्हणून सिंहस्थाच्या कामांच्या टेंडरमध्ये दोन अटी टाकाव्यात, सगळ्या राऊटची यादी काम सोपवताना लेखी द्यायची (रेल्स, लारावेलमध्ये एका कमांडवर निघते, रडण्यासारखं काही नाही) आणि पुढच्या ठेकेदाराने जुना एकही पत्ता 301 शिवाय बंद करायचा नाही. तुम्हाला पण एक विनंती, छापण्याआधी पत्त्याकडे नजर टाका, त्यात न्यू-2-फायनल असलं काही दिसलं तर त्या खात्याला फोन करून धड पत्ता मागून घ्या.

आपला,
एक वाचक, नाशिक