घराची मापं घेऊ या

सांगली

प्रिय अवि,

सप्रेम नमस्कार.

सध्या काय पाहतोस, असं विचारलं होतंस. झरीना हाशमीची मुद्राचित्रं, म्हणजे ठशांवरून छापलेली चित्रं, पाहतोय, आणि दुसरं काही पाहावंसंच वाटत नाही.

झरीना १९३७ साली अलीगढला जन्मली. वडील तिथल्याच विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. फाळणीनंतर काही वर्षांनी आईवडील कराचीला गेले. ती स्वतः लग्नानंतर बँकॉक, पॅरिस, दिल्ली, टोकियो करत सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला पोचली. २०२०मध्ये लंडनला वारली. शिकली होती गणित, आणि ते चित्रांत दिसतं. वडिलांच्या घरावरचं तिचं १९९४चं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) म्हणजे चक्क घराचा नकाशा आहे.

पण मी अडकलोय ते २००४च्या पत्रांच्या मालिकेत. बहीण राणी कराचीत राहायची. आईवडील गेले, राहतं घर विकावं लागलं, मुलं दूर गेली, अशा वेळी ती झरीनाला उर्दूत पत्रं लिहायची आणि टपालात टाकायचीच नाही. कित्येक वर्षांनी ती पत्रं तिने झरीनाच्या हाती दिली. झरीनाने राणीचं अक्षर जसंच्या तसं छापलं आणि त्यावर जाड काळ्या रेषांत कुठे घराचा आराखडा, कुठे शहराचा नकाशा ठेवला. आठ चित्रं. मला उर्दू वाचता येत नाही, तरी एखादी ओळ त्या काळ्याखाली गेली की जीव कासावीस होतो. इतकं दुःख, आणि कुठे आक्रोश नाही!

कोरियाचा शिल्पकार डो हो सुह हादेखील असाच. लॉस एंजेलिसमधल्या प्रदर्शनासाठी १९९९मध्ये त्याने आईवडिलांचं सोलमधलं घर मापून घेतलं आणि तेवढंच्या तेवढं पारदर्शक रेशमी कापडात शिवलं. घडी घालून नेता येतं ते. न्यूयॉर्कचं भाड्याचं घर सोडताना तर आतून सगळीकडे कागद चिकटवून वर रंगीत पेन्सिली घासल्या. स्विच, बिजागऱ्या, कड्या, सगळं त्या कागदावर उमटलं.

आता खरं काम सांगतो. काकू म्हणाल्या, घर बिल्डरला द्यायचं ठरलंय आणि तू सह्यांना येणार आहेस. सह्यांच्या आधी चार दिवस ये. आपण दोघं घर मापू. फोटो आहेत की, म्हणशील. पण माजघराच्या उंबऱ्याला पाय किती उचलायचा, जिन्यात कुठल्या पायरीला मान वाकवायची, हे फोटोत येत नाही रे. देवघराच्या कोनाड्यावर आणि परसदाराच्या कडीवर कागद ठेवून पेन्सिल घासू. काकूंना सोबत बसवू, कुठली खोली केव्हा वाढवली ते त्यांनाच माहीत आहे.

टेप आणि ग्राफपेपर माझ्याकडे आहेत. तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
दिनू